वाचकांचे प्रश्न : एक शब्द, अनेक खाती – 'क्रेडिट'

व्यापारातल्या इंग्रजी शब्दांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी 'क्रेडिट'वरचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. मूळ लॅटिन क्रियापद 'क्रेडेरे', म्हणजे विश्वास ठेवणे. मराठीतला 'पत' हा शब्द त्याच्या सर्वांत जवळ जातो. पण व्यवहारात हाच शब्द कधी जमा, कधी उधारी, कधी सवलत, तर कधी श्रेय या अर्थाने येतो. 'क्रेडिट' दिसलं की आधी दोन गोष्टी विचाराव्यात: ही नोंद कोणाच्या वहीतली आहे, आणि कोणी कोणाला देणं आहे? बहुतेक घोळ तिथेच सुटतो.

प्रश्न : अकाउंट्समध्ये शिकवतात की पैसे बँकेत भरले की बँक खातं डेबिट करायचं. पण पैसे भरल्यावर बँकेचा मेसेज येतो, 'तुमचं खातं क्रेडिट झालं'. यात बरोबर कोण?

उत्तर : दोघंही बरोबर. स्टेटमेंटवर दिसतं ते तुमचं खातं, पण बँकेच्या वहीतलं. तुम्ही १०,००० भरलेत की बँकेकडची रोकड तेवढी वाढते आणि तुम्हाला द्यायची रक्कमही तेवढीच वाढते. म्हणून बँक रोकड खातं डेबिट करते आणि तुमचं ठेव खातं क्रेडिट करते. तुमच्या वहीत हाच व्यवहार उलटा उतरतो. बँकेकडून येणं वाढलं म्हणून बँक खातं डेबिट, हातातली रोकड गेली म्हणून रोकड खातं क्रेडिट.

नियम एवढाच : मालमत्ता किंवा खर्च वाढला की डेबिट, देणं, भांडवल किंवा उत्पन्न वाढलं की क्रेडिट. कमी झालं की उलट. क्रेडिट म्हणजे चांगलं आणि डेबिट म्हणजे वाईट, असा अर्थ इथे मुळीच नाही. मराठीत क्रेडिटला 'जमा' म्हणतात आणि बोलताना 'जमा झाले' म्हणजे पैसे हातात आले, असं आपण समजतो. त्यामुळे रोकड आली की ती जमेला लिहावीशी वाटते. द्विनोंदी पद्धतीत, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहिण्याच्या पद्धतीत, रोकड आली की रोकड खात्याला डेबिट आणि ज्याच्याकडून आली त्याच्या खात्याला क्रेडिट. 'जमा' होते ती त्या माणसाच्या नावावर.

ही विभागणी जुनी आहे. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत लुका पाचोली यांनी १४९४ साली छापील ग्रंथात मांडली. पद्धत त्यांनी शोधली नव्हती, ती आधीपासून वापरात होती. त्यांनी ती नीट लिहून काढली. त्या काळच्या वहीत एका बाजूला 'याने द्यायचं आहे' आणि दुसऱ्या बाजूला 'याला मिळायचं आहे' असं लिहीत. इटालियनमध्ये आजही या बाजूंना 'दारे' आणि 'आव्हेरे', म्हणजे देणे आणि मिळणे, असंच म्हणतात. जुन्या इंग्रजी वह्यांत पानांच्या माथ्यावरची 'डीआर' आणि 'सीआर' ही अक्षरंही डेटर (देणं लागणारा) आणि क्रेडिटर (ज्याला मिळायचं तो) या माणसांची आहेत. खातं म्हणजे एक माणूस असं धरून वाचलं, की कोणती नोंद कुठल्या बाजूला जाते हे पाठ करावं लागत नाही.

चूक होते ती आपली वही बँकेच्या स्टेटमेंटशी प्रत्यक्ष जुळवताना. बँकेने १५० शुल्क कापलं आणि स्टेटमेंटवर 'डेबिट १५०' असं आलं. नवशिका माणूस ते तसंच उतरवून स्वतःच्या वहीत बँक खातं १५० ने डेबिट करतो. शिल्लक १५० ने कमी व्हायची ती १५० ने वाढते आणि वही व स्टेटमेंट यांत ३०० चा फरक पडतो. बरोबर नोंद : बँक शुल्क खातं डेबिट, बँक खातं क्रेडिट. फरक आला की आधी त्याला २ ने भागून पाहा. येणारी रक्कम स्टेटमेंटवर सापडली, तर ती उलट्या बाजूला गेली असण्याची शक्यता मोठी. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल शोधा. ५४० ऐवजी ४५० लिहिलं की फरक ९० येतो.

प्रश्न : धनको, ऋणको, क्रेडिटर, डेटर यांत नेहमी गल्लत होते.

उत्तर : ज्याला आपण पैसे देणं लागतो तो आपला क्रेडिटर, म्हणजे धनको, त्याने आपल्यावर विश्वास टाकला आहे. जो आपल्याला देणं लागतो तो आपला डेटर, म्हणजे ऋणको. ताळेबंदात क्रेडिटर देण्यांच्या बाजूला बसतात, डेटर मालमत्तेच्या. एकच माणूस दोन्ही असू शकतो : त्याच्याकडून कच्चा माल घेता आणि त्यालाच तयार माल विकता. अशा वेळी दोन रकमांची वजावट करून एकच आकडा लिहू नका. वजावटीला दोघांची लेखी संमती असेल तरच ती करावी, नाहीतर दोन खाती वेगळी ठेवावीत.

प्रश्न : ८ नग फुटलेले निघाले म्हणून गिऱ्हाईक कमी रकमेचं नवं बिल मागतंय. नवं बिल करावं की क्रेडिट नोट द्यावी? आणि डेबिट नोट म्हणजे काय?

उत्तर : क्रेडिट नोट द्या, म्हणजे 'तुमच्याकडच्या येण्यातून एवढी रक्कम कमी केली' असं लिहिलेला कागद. जुनं बिल दोघांच्या वहीत चढलेलं असतं आणि त्यावर कराचा हिशेबही झालेला असतो. तेच बिल रद्द करून नवं केलं, तर एका व्यवहाराचे दोन क्रमांक फिरत राहतात आणि वर्षअखेरीला खाती जुळत नाहीत.

समजा १०० नग २५० च्या दराने पाठवले, बिल २५,००० चं. ८ नगांचे २,००० होतात. मूळ बिलात ५ टक्के सूट दिली असेल, तर क्रेडिट नोट २,००० ची नव्हे, १,९०० ची. ही चूक वारंवार होते. सूट विसरली की विक्रेता जे पैसे मिळालेच नाहीत तेही परत करून बसतो. कर मूळ बिलावर ज्या दराने लावला होता त्याच दराने उलटवायचा, मधल्या काळात दर बदलला असला तरी.

नोटेवर स्वतःचा वेगळा अनुक्रमांक, तारीख, मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख, माल, नग, दर, कर आणि परतीचं कारण हवं. यांतला मूळ बिलाचा क्रमांक सर्वांत महत्त्वाचा. तो नसेल तर सहा महिन्यांनी ही रक्कम कोणत्या बिलापोटी वजा झाली हे दोघांनाही सांगता येत नाही.

विक्रेत्याच्या वहीत विक्री परत खातं डेबिट आणि गिऱ्हाइकाचं खातं क्रेडिट होतं, म्हणून ती क्रेडिट नोट. तोच कागद खरेदीदाराने आपल्या बाजूने काढला की डेबिट नोट, कारण तो आपल्या वहीत पुरवठादाराचं खातं डेबिट करतो. व्यवहार एकच, कागद दोन. खरेदीदाराने आपल्या डेबिट नोटेवरून नोंद केली आणि नंतर आलेली क्रेडिट नोटही नव्याने चढवली, की १,९०० चे ३,८०० वजा होतात. म्हणून आलेली क्रेडिट नोट आधी स्वतःच्या डेबिट नोटेशी ताडून पाहावी, जुळली तर नुसता तिचा क्रमांक टिपून ठेवावा. पैसे आधीच चुकते झाले असतील, तर रक्कम पुढच्या बिलात वळती होणार की परत मिळणार हे नोटेवरच लिहून घ्या.

साठ्याकडेही लक्ष असू द्या. परत आलेले ८ नग विकाऊ साठ्यात घातले, तर कागदावर माल दिसतो आणि गोदामात फुटके तुकडे असतात. त्यांची नोंद खराब माल म्हणून वेगळी हवी.

प्रश्न : पुरवठादाराच्या बिलावर '२/१०, नेट ३०' असं छापलेलं असतं. याचा अर्थ काय, आणि याचा फायदा घ्यावा का?

उत्तर : १० दिवसांत पैसे दिलेत तर २ टक्के सूट, नाहीतर पूर्ण रक्कम ३० दिवसांत. ५०,००० च्या बिलाचे दहाव्या दिवसापर्यंत ४९,००० द्यायचे. अकराव्या दिवसापासून पूर्ण ५०,०००.

दोन टक्के क्षुल्लक वाटतात आणि तिथेच फसगत होते. सूट सोडून तिसाव्या दिवशी पैसे दिले, तर तुम्ही ४९,००० आणखी २० दिवस वापरले आणि त्यासाठी १,००० मोजले. म्हणजे २० दिवसांना २.०४ टक्के. वर्षात असे १८.२५ कालखंड बसतात, म्हणून सरळ हिशेबाने हा दर वर्षाला सुमारे ३७.२ टक्के पडतो; चक्रवाढीने ४४.६ टक्के. इतकं महाग कर्ज जाणूनबुजून कोणी घेणार नाही. बँकेकडून १५ टक्क्यांनी पैसे उचलून जरी दहाव्या दिवशी बिल चुकतं केलं, तरी २० दिवसांचं व्याज सुमारे ४०३ होतं आणि १,००० वाचतात. तेव्हा सूट घ्या, पण दुसऱ्या दिवशी पैसे देण्याची घाई नको. पहिले दहा दिवस फुकटचे आहेत.

सूट हातची जाते ती बहुधा तारखेवरून. दहा दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे, माल पोचल्यापासून, की महिनाअखेरीपासून? माल वाटेत सहा दिवस असेल आणि मोजणी बिलाच्या तारखेपासून असेल, तर तपासणीला चारच दिवस उरतात. शिवाय 'पैसे दिले' म्हणजे तुमच्या खात्यातून निघाले की त्यांच्या खात्यात पोचले, हेही खरेदीच्या ऑर्डरवर लिहून घ्या. बिल आल्यावर वाद घालून उपयोग नसतो.

प्रश्न : आम्ही ३० दिवसांचं क्रेडिट देतो, पण हातात पैसा राहत नाही. उधारी किती द्यावी याचं काही गणित आहे का?

उत्तर : आहे, आणि ते दर महिन्याला करावं. एकूण येणं भागिले त्या काळातली उधार विक्री, गुणिले दिवस. तिमाहीतली उधार विक्री ९,००,००० आणि शेवटच्या दिवशी येणं ४,५०,००० असेल, तर ४,५०,००० ÷ ९,००,००० × ९० = ४५ दिवस. म्हणजे बिलावर ३० छापलं असलं तरी तुमचं खरं क्रेडिट ४५ दिवसांचं आहे. ते १५ दिवस तुमच्या खिशातून जातात.

सरासरीवर थांबू नका. प्रत्येक गिऱ्हाइकाची थकबाकी ०–३०, ३१–६०, ६१–९० आणि ९० दिवसांवर अशा रकान्यांत मांडा. सरासरी चांगली दिसत असतानाच एक मोठी रक्कम शेवटच्या रकान्यात सरकत असते. शिवाय गिऱ्हाईक नवी बिलं भागवून एखादं जुनं बिल तसंच ठेवत असेल, तर बहुतेक वेळा त्या बिलाबद्दल वाद आहे आणि तो कोणी बोलून दाखवलेला नाही. फोन करून विचारा. नेमकं एखादं कागदपत्र न पोचल्यामुळे पैसे अडलेले निघतात.

क्रेडिटची मर्यादा ठरवताना आधी साधा गुणाकार करा. महिन्याला ६०,००० चा माल घेणाऱ्याला ४५ दिवसांची मुदत दिली, की त्याच्याकडे कायम सुमारे ९०,००० अडकलेले राहणार. मर्यादा ५०,००० ठेवून मुदत ४५ दिवसांची दिली, तर दर महिन्याला माल अडेल आणि शेवटी कंटाळून कोणीतरी मर्यादाच मोडेल. आणि बुडीत रकमेचा हिशेब लक्षात ठेवा : विक्रीवर १० टक्के निव्वळ नफा असेल, तर बुडालेले १०,००० भरून काढायला १,००,००० ची नवी विक्री लागते. नव्या गिऱ्हाइकाला पहिली दोन-तीन बिलं रोखीने देणं यात कसलाही अपमान नाही, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे बँकेची हमी, मग माल वेळेवर पोचूनही पैसे अडतात ते का?

उत्तर : कारण बँक माल पाहत नाही, कागद पाहते. लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे पतपत्र. खरेदीदाराची बँक विक्रेत्याला लिहून देते की ठरलेली कागदपत्रं ठरलेल्या मुदतीत दिलीत तर पैसे आम्ही देऊ. जगभरात ही पत्रं बहुतांशी इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या 'यूसीपी ६००' या नियमांवर चालतात. ते १ जुलै २००७ पासून लागू आहेत. त्यानुसार पतपत्र विक्रीच्या करारापासून स्वतंत्र असतं. माल उत्तम असून कागद चुकला तर पैसे अडतात, आणि कागद बिनचूक असेल तर मालाबद्दल वाद असला तरी बँकेला पैसे द्यावे लागतात.

कागद कुठे चुकतात? व्यापारी बिलातलं मालाचं वर्णन पतपत्राशी जुळलंच पाहिजे. पत्रात 'सुती कापड, ब्लीच केलेलं' असेल आणि बिलात नुसतं 'सुती कापड' असेल तर हरकत निघते. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल मिळाल्याच्या जहाज कंपनीच्या पावतीवर, कंपनीने 'खोके फाटलेले' असा शेरा मारला, की ते 'क्लीन', म्हणजे बिनशेऱ्याचं, राहत नाही. विमा मागितला असेल आणि पत्रात टक्केवारी दिली नसेल, तर तो सीआयएफ किंवा सीआयपी किमतीच्या (माल, विमा आणि वाहतूक धरून होणारी किंमत) किमान ११० टक्के हवा. नेमक्या किमतीचा विमा उतरवणारे इथे अडकतात. जहाजात माल चढल्यापासून २१ दिवसांत मूळ वाहतूक कागदपत्रं सादर करायची असतात, पत्रात वेगळी मुदत नसेल तर. पण पत्राचीच मुदत आधी संपत असेल, तर २१ दिवस उरलेत म्हणून चालत नाही.

परिमाणाबद्दल थोडी मोकळीक आहे. रक्कम, परिमाण किंवा दर यांपैकी ज्याच्यामागे 'अबाउट' किंवा 'अप्रॉक्सिमेटली' लिहिलं असेल, त्यात १० टक्के कमी-जास्त चालतं. ते शब्द नसले तरी वजनाने किंवा मापाने मोजलेल्या मालात ५ टक्के फरक चालतो, फक्त एकूण रक्कम पत्रातल्या रकमेपेक्षा वाढता कामा नये. नगांनी किंवा खोक्यांनी मोजलेल्या मालाला मात्र ही पाच टक्क्यांची सवलत नाही. ५०० नग म्हणजे ५००.

पत्र हाती आल्याबरोबर, माल पाठवण्याआधी ते ओळीनओळ वाचा. नाव, पत्ता, बंदर, शेवटची तारीख, मागितलेले कागद, प्रतींची संख्या यांतली एखादी अट पाळता येणार नसेल, तर त्याच दिवशी खरेदीदाराकडून दुरुस्ती मागा. माल जहाजात चढल्यावर तुमच्या हातात काही उरत नाही. तुम्ही न मागता दुरुस्ती आली, तर तुमच्या संमतीशिवाय ती तुमच्यावर बंधनकारक होत नाही. कागद दिल्यावर बँकेला तपासणीला जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवस मिळतात, आणि नाकारायचं असेल तर सगळ्या हरकती एकाच सूचनेत सांगाव्या लागतात. म्हणून कागद शेवटच्या दिवशी नेऊ नका. आठवडाभर आधी दिले, तर हरकत निघाली तरी दुरुस्त करून पुन्हा देता येतात. पत्र देणाऱ्या बँकेचा किंवा तिच्या देशाचा भरवसा वाटत नसेल, तर ते दुसऱ्या विश्वासू बँकेकडून 'कन्फर्म' करून घ्या. शुल्क वाढतं, पण मग ती दुसरी बँकही स्वतः पैसे देण्यास बांधली जाते.

प्रश्न : टॅक्स क्रेडिट आणि टॅक्स डिडक्शन एकच का?

उत्तर : नाही. डिडक्शन उत्पन्नातून वजा होतं, क्रेडिट थेट करातून. दर २० टक्के असेल तर १०० च्या डिडक्शनने कर २० ने कमी होतो. १०० च्या क्रेडिटने १०० ने. क्रेडिट करापेक्षा जास्त असेल तर उरलेली रक्कम परत मिळते की नाही, हे त्या क्रेडिटच्या नियमावर अवलंबून असतं. ते आधी पाहा.

प्रश्न : पत्रव्यवहारात 'ऑन क्रेडिट', 'इन क्रेडिट', 'क्रेडिट टू', 'क्रेडिट विथ' यांतलं काय कुठे वापरावं? आणि क्रेडिट कार्डने केलेली विक्री 'क्रेडिट सेल' धरायची का?

उत्तर : 'ऑन क्रेडिट' म्हणजे उधारीवर, मधे 'अ' लावू नका. 'अ क्रेडिट' म्हणजे एक जमा नोंद, अर्थ साफ बदलतो. 'इन क्रेडिट' म्हणजे खात्यात शिल्लक असणं. क्रियापद म्हणून वापरताना 'टू'नंतर खातं येतं आणि 'विथ'नंतर रक्कम : 'क्रेडिटेड ५,००० टू युअर अकाउंट' किंवा 'क्रेडिटेड युअर अकाउंट विथ ५,०००'. माणसाबद्दल 'क्रेडिट विथ' आलं तर तो श्रेय देण्याचा अर्थ, तिथे पैशांचा संबंध नाही.

कार्डाने झालेली विक्री विक्रेत्यापुरती उधारी नाही. उधार दिलं आहे ते कार्ड देणाऱ्या बँकेने, गिऱ्हाइकाला. विक्रेत्याला शुल्क कापून काही दिवसांत पैसे मिळतात, म्हणून मधल्या काळातलं येणं कार्डाचे पैसे वसूल करून देणाऱ्या बँकेच्या नावावर लिहायचं, गिऱ्हाइकाच्या नाही. १,००० च्या विक्रीवर २० शुल्क कापून ९८० आले तर विक्री १,००० चीच धरायची आणि २० खर्चाला टाकायचे. विक्री ९८० लिहिली तर कराचा हिशेबही चुकतो. गिऱ्हाइकाने नंतर व्यवहारावर हरकत घेतली तर बँक ही रक्कम परत वळती करू शकते, म्हणून सहीची किंवा माल पोचल्याची पावती जपून ठेवा.

आणि स्वतःच्या कार्डाच्या स्टेटमेंटवर शेवटच्या रकमेपुढे 'सीआर' छापलं असेल, तर ती देय रक्कम समजून भरू नका. बँकच तुम्हाला तेवढं देणं लागते. ती रक्कम पुढच्या खरेदीतून वजा होईल, किंवा मागून घेता येईल.